अठ्ठावन्न किलोचे पाटे

रावपुरा, बडोदे
२ जुलै २०२५

चि. उन्मेष,

मावशीचे आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला नाही, कारण माझा मोबाइल माझा नाहीच. शलाकाने घेऊन दिला, तीच चार्ज करते, तीच मेसेज वाचून दाखवते, आणि तुझं नाव तिनेच त्यातून काढून टाकलंय. आमच्या ह्यांच्याकरवी, म्हणजे तुझ्या काकांकरवी, निरोप धाडावा, तर त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. राहिलं पत्र.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मोहनाच्या साखरपुड्यात शलाकाने हौसेने तुझ्या त्या उड्या मारायच्या काठ्या पायाला बांधल्या आणि तू सगळ्यांदेखत म्हणालास, ‘उतर, हे तुझ्या वजनाचं नाही.’ लोक हसले. तू त्या काठ्या विकतोस, धंद्याचं बोललास हे मला कळतं, पण लग्नाच्या मुलीला असं चारचौघांत बोलतात का रे? तेव्हापासून तिने तुझं नाव टाकलं, ते आजतागायत.

आणि आता तिने तुझ्याच नाकावर टिच्चून तसल्या काठ्या आणल्यात. सुरतेच्या कुणा इव्हेंटवाल्याकडून, वापरलेल्या. बांधल्या की पोरगी दाराच्या चौकटीच्या वर जाते आणि नाकतोड्यासारखी उडते. दिवसभर अलकापुरीत हिशेबाची नोकरी, संध्याकाळी मैदानावर उड्या. मंडळाने तिला गणपतीच्या आगमन सवारीत घेतलंय. रस्त्यात मंडळाची माणसं आडवी निजणार आणि ही त्यांच्यावरून उडी मारणार, असं ठरलंय म्हणे.

मला त्यातलं काही कळत नाही, पण डोळे आहेत. एका पायाचं खालचं रबर झिजून गुळगुळीत झालंय, दुसऱ्याचं नवं आहे पण भलत्याच मापाचं. मागच्या कमानीसारख्या पाट्यावर पांढरी रेघ दिसते. गुडघ्यापाशी काहीतरी खुळखुळतं. एक बोल्ट पडला, तर छाणीच्या सायकलदुरुस्तीवाल्या हार्दिकभाईने सायकलचा बसवून दिला. ‘माशी, चिंता ना करो, एकदम मजबूत,’ म्हणाला. तो मजबूत म्हणाला की मी देवापुढे दिवा लावते.

झिजलेलं रबर आणि तो बोल्ट सोबत पाठवलाय. काय बदलायचं ते बघ आणि बरोबर असेल तेच पाठव. तिला मी सांगेन, हार्दिकभाईने अहमदाबादहून मागवलं. तुझं नाव निघालं तर सामान खिडकीबाहेर जाईल आणि ती त्याच मोडक्या काठ्यांवर नाचेल.

तुझी,
नलूमावशी

◆

पुणे
७ जुलै

ती. नलूमावशीस नमस्कार.

दुकानातल्या मुलांना वाटलं, कोर्टाची नोटीस आली. इतकं जाड पाकीट हल्ली दुसरं कोण पाठवतं!

तो बोल्ट मी कचऱ्यात टाकला, हार्दिकभाईंना राग येवो न येवो. सायकलचा बोल्ट सायकलला. इथे माणूस वरून खाली आदळतो तेव्हा सगळा भार त्या दोन बोल्टांवर येतो. रबरं दोन्ही बदलायची, खुळखुळतं ते गुडघ्याचं बुश, म्हणजे सांध्यातली नळी, तेही बदलायचं. पांढरी रेघ दिसली असेल तर तो पाटा संपला. आतले फायबरचे थर सुटायला लागले की अशी रेघ येते. आणि पाटे नेहमी जोडीने बदलायचे, एक नवा एक जुना अजिबात चालत नाही.

आता महत्त्वाचं. पाटा म्हणजे उडवणारी स्प्रिंग, तो माणसाच्या वजनाप्रमाणे मिळतो. हलक्या माणसाला कडक पाटा दिला तर तो वाकतच नाही, माणूस फक्त दमतो. पण जड माणसाला मऊ पाटा दिला तर पहिले काही दिवस मजा वाटते, खोल बसतो, उंच उडवतो, आणि एक दिवस हवेतून उतरताना मोडतो. तेव्हा पायाखाली काहीच नसतं. माझ्या घोट्यात अजून लोखंड आहे ते त्यामुळेच, म्हणून तर मी त्या दिवशी ओरडलो. माझ्याकडच्या काठ्या तेव्हा खरंच तिच्या मापाच्या नव्हत्या. शब्द चुकीचे निघाले, ते मला आजही खातंय.

म्हणून शलाकाचं आत्ताचं वजन कळव. नक्की कळव, अंदाजे नको.

तुझा,
उन्मेष

◆

रावपुरा, बडोदे
१२ जुलै

चि. उन्मेष,

आशीर्वाद. वजन अठ्ठावन्न. साखरपुड्यात बघितलीस तेव्हाची शलाका डोळ्यापुढे आणू नकोस, आता चांगली बारीक झालीय हो. बघशील तर ओळखणार नाहीस.

पाटे लवकर पाठव. काल ती उतरताना तोल जाऊन पाण्याच्या टाकीला धडकली. खांदा काळानिळा झालाय, आणि मला म्हणते, दाराचं लागलं.

मावशी

◆

पुणे
१९ जुलै

नलूमावशी,

खोकं सोबत आहे. पाट्यांची जोडी, दोन्ही रबरं, बुश आणि कडक पोलादाचे बोल्ट. हार्दिकभाईंना सांग, दुसरा कुठलाही बोल्ट नको, एखादा हरवला तर मला कळवा.

पाटे पन्नास ते साठ किलोचे आहेत. पाट्यावर चिकटपट्टी आहे, तिच्यावर ते छापलंय. बांधणाऱ्याने ती वाचावी म्हणूनच लावतात. शलाका अठ्ठावन्न म्हणजे अगदी बरोबर बसतील, पण पुढे वजन वाढलं तर हे पाटे तिचे नाहीत हे तिला ठाऊक असू दे.

बारीक झाली ऐकून बरं वाटलं. म्हणजे तिच्यासाठी नव्हे, पाट्यांसाठी. हे तिला सांगू नकोस, नाहीतर आणखी दोन वर्षं बोलायची नाही.

उन्मेष

◆

रावपुरा, बडोदे
३० जुलै

चि. उन्मेष,

आशीर्वाद. पाटे बसले! हार्दिकभाईने तुझेच बोल्ट लावले, मी समोर स्टूल टाकून बसले होते. चिकटपट्टीवर वरच्या बाजूला तुझ्या दुकानाचं नाव होतं, म्हणून आदल्या दिवशीच गरम पाण्याचं फडकं ठेवून ठेवून दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. नखं दुखली, पण मागमूस ठेवला नाही. हार्दिकभाईलाही शपथ घातलीय.

शलाका भलतीच खूश आहे. म्हणते, ‘आई, हे पाटे लोण्यासारखे मऊ आहेत, किती उंच जाते बघ.’ खरंच जाते रे. शेजारच्या कौशल्याबाई पहिल्या मजल्यावर राहतात, काल त्यांच्या ग्रिलमधून हिने त्यांना ‘जय श्रीकृष्ण’ केलं. बाई किंचाळल्या.

फक्त उतरताना टक्क असा आवाज येतो. आधी नव्हता. नव्या वस्तूचा असेल, असं हार्दिकभाई म्हणतो.

मावशी

◆

पुणे
४ ऑगस्ट

मावशी,

त्या आवाजाने माझी झोप उडवलीय. नव्या पाट्याला आवाज नसतो. टक्क म्हणजे काहीतरी कशावर तरी आपटतंय. बोल्ट सैल झाला असेल, बुश उलटं बसलं असेल, किंवा पाटा गरजेपेक्षा जास्त वाकून वरच्या दांड्याला भिडत असेल. अठ्ठावन्न किलोला तो इतका वाकायला नको. म्हणून माझा संशय बोल्टांवर आहे.

हार्दिकभाईंकडून बोल्ट तपासून घे. आणि बोल्टाच्या भोकापाशी आडवी पांढरी रेघ आली आहे का, ते उजेडात तू स्वतः बघ. रेघ दिसली तर शलाकाला एकही उडी मारू देऊ नकोस. माझं नाव फुटलं तर फुटू दे.

आठ तारखेपासून मी गोव्याला एका हॉटेलच्या कामावर आहे, सवारीच्या सुमारास परत येईन. दुकान बंद असेल. काही वाटलं तर मला फोन कर, कुणाच्याही मोबाइलवरून कर.

उन्मेष

◆

रावपुरा, बडोदे
१३ ऑगस्ट

चि. उन्मेष,

अनेक आशीर्वाद. बोल्ट तपासले, घट्ट आहेत. रेघ मला तरी दिसली नाही, पण माझा चष्मा जुना झालाय. आवाजाचा बंदोबस्त हार्दिकभाईने केला. टायरचे तुकडे कापून मध्ये बसवले, आता टक्क नाही, नुसता धप्प येतो. तेव्हा तू निश्चिंत हो. मी पण व्हायचा प्रयत्न करतेय, जमत नाही. ती उडाली की मी डोळे मिटते आणि पाय टेकल्याचं ऐकू आलं की उघडते. दिवसातून किती वेळा मरायचं माणसाने?

सवारी चोवीसला, रविवारी. आपल्या रावपुऱ्यातूनच जाणार.

आता एक आनंदाची बातमी. शलाकाला स्थळ आलंय. वाघोडिया रोडवरचे जाधव, त्यांचेही पणजोबा आपल्यासारखेच बडोदे संस्थानच्या फौजेत होते. मुलगा प्रतापसिंह, खताच्या कारखान्यात इंजिनिअर. मंडळी सवारी बघायला समोरच्या गॅलरीत येणार आहेत, म्हणजे मुलगी आपसूक बघून होईल. मुलाच्या आईने फोनवर उंची विचारली, वजन विचारलं. मी आपलं नेहमीचं अठ्ठावन्न सांगितलं. स्थळांना सांगायचं वजन आमचं तीन वर्षं अठ्ठावन्नच आहे. एकदा जीभ वळली की तेच येतं बघ, परवा दवाखान्यात नर्सने विचारलं तर तिलाही अठ्ठावन्नच सांगून आले. खरं म्हणजे एकाहत्तर आहे. पण मला सांग, कुठल्या मुलीची आई खरं सांगते? लग्न झाल्यावर कोण काटा घेऊन बसतंय!

टपाल उद्या टाकते. पुढे स्वातंत्र्यदिन, गोकुळाष्टमी, रविवार, सगळ्या सुट्ट्याच आहेत. तुला उशिरा मिळेल.

तुझी,
मावशी

◆

पुणे
२३ ऑगस्ट, शनिवार दुपार

मावशी,

आत्ता गोव्याहून आलो. दाराखाली तुझं पत्र पडलं होतं. वाचलं आणि बूटही न काढता फोनला लागलो.

तू मला सांगितलेलं अठ्ठावन्न हे स्थळांचं अठ्ठावन्न होतं का? मावशी, मी नवरामुलगा नाही गं! मी त्या आकड्यावर पाटे निवडले. शलाका एकाहत्तरची असेल तर ती गेला महिनाभर साठच्या पाट्यांवर उड्या मारतेय. टक्क आवाज बोल्टाचा नव्हता, पाटा दांड्यावर आपटत होता. हार्दिकभाईंनी त्यात टायर कोंबला म्हणजे आवाज बुजवला, पाटा नाही वाचवला. आणि जिच्यावर वजन छापलं होतं ती पट्टी तू सोलून काढलीस, नाहीतर तिने एका नजरेत ओळखलं असतं.

फोन लावून लावून बोटं दुखली. शलाकाकडे माझा नंबर बंद आहे. तुझ्या मोबाइलवरही लागत नाही. काकांनी उचलला, पण मागे ढोलाची तालीम चालू होती. ‘हो हो, गणपती बाप्पा मोरया’ म्हणून त्यांनी ठेवून दिला, नंतर उचलतच नाहीत. मेसेज ते बघत नाहीत हे तुला माहीत आहेच.

आज संध्याकाळच्या एकाही बसला जागा नाही, गणपतीची गर्दी आहे. म्हणून हे पत्र आणि नवे पाटे ड्रायव्हरच्या केबिनमधून पाठवतोय. पाटे पासष्ट ते पंच्याहत्तरचे आहेत. बडोद्याच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातला बाळकृष्ण ओळखीचा आहे, त्याचा नंबर माझ्याकडे नाही, पण ड्रायव्हर खोकं त्याला देईल आणि तो तुझ्या हातात आणून देईल. सवारी निघायच्या आधी मिळो.

हे वाचत असशील तर वाचणं थांबव आणि तिच्याकडे जा. तिला काहीही सांग. मी वाईट आहे म्हण, पाटे मी पाठवले म्हण. फक्त उडी मारू देऊ नकोस. माझा पाटा मोडला तेव्हा मी एकटा होतो. हिच्या खाली माणसं निजलेली असतील.

उन्मेष

◆

रावपुरा, बडोदे
२५ ऑगस्ट

चि. उन्मेष,

शलाका सुखरूप आहे. हे पहिल्यांदा लिहिलं, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

बस उशिरा आली. बाळकृष्ण खोकं घेऊन दारात आला तेव्हा सवारी निघून गेली होती. मी मुद्दाम मागे राहिले होते, जाधवांसाठी पुरणपोळ्या करत होते. पत्र उभ्याने वाचलं. गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, कौशल्याबाईंनी केला म्हणे. पायात एक चप्पल माझी आणि एक काकांची.

रस्ता गच्च भरलेला. ढोल, डीजे, गुलाल. लांबून शलाकाचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं. ती मागे मागे सरत होती, म्हणजे धावायची जागा करत होती. पुढे माणसं निजली होती. मी ओरडले, पण माझं मलाच ऐकू येईना. ढोलवाल्याचा हात धरला, ‘ए भाई, बंध करो, बंध करो!’ म्हटलं, तर त्याला वाटलं बाई अंगात आल्यासारखी नाचतेय. तो आणखी जोरात वाजवायला लागला.

मग मी मंडळाच्या ट्रकवर चढले. कशी चढले ते विचारू नकोस, आज गुडघा वाकत नाही. पोराच्या हातातला माइक ओढून घेतला. उन्मेष, मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. नुसतं ‘थांब’ म्हटलं असतं तर ती थांबली नसती, आई रोजच थांब म्हणते. म्हणून खरं तेच ओरडले. ‘शलाका, उडी मारू नकोस! पाटे साठ किलोचे आहेत आणि तू एकाहत्तर आहेस!’

रावपुराभर ऐकू गेलं. समोर गॅलरीत जाधव मंडळी हातात सरबत घेऊन उभी होती. ढोल थांबले. कुणीतरी फिस्सकन हसलं.

शलाका धावायला सुटली होती. तिने ऐकलं, पाय आवरते घेतले आणि विजेच्या खांबाला मिठी मारून थांबली. माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला जन्मभर पुरेल. मग फुटपाथवर बसून तिने पट्टे सोडले आणि अनवाणी घरी चालत गेली.

हार्दिकभाईने तिथेच टायरचे तुकडे काढले. आत बोल्टापाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरं पडलेलं. त्याने दोन्ही हातांनी जरा दाबलं, तर पाटा उसासारखा उभा चिरला. ‘माशी, में तो अवाज बंध कर्यो हतो,’ एवढंच म्हणत राहिला. निजलेल्यांतला एक जण उठून आला, त्याने तो चिरलेला पाटा बघितला आणि माझ्या पाया पडला. मी त्याला काय सांगणार? पाया पडून घ्यायच्या लायकीची मी नाही.

जाधवांचा फोन नाही, येणारही नाही. त्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटत नाही. मला भीती वाटतेय ती दुसरीच. शलाका कालपासून खोलीत आहे. रात्री जेवली, आज कामावर जाऊन आली, पण माझ्याशी बोलत नाही. मी तिला तुझं पत्र, माझं पट्ट्या सोलणं, सगळं दाराबाहेरून सांगितलं. तुझे नवे पाटे दिवाणाखाली तसेच पडलेत. सहा तारखेला विसर्जन आहे, मंडळवाले विचारून गेले.

ती माझ्याशी बोलेल ना रे? माझ्या पोरीची मी भर रस्त्यात शोभा केली, आणि न करते तर तिला गमावून बसले असते. दोन्ही माझ्याच हातून.

तुझी,
नलूमावशी

◆

रावपुरा, बडोदे
३१ ऑगस्ट

उन्मेषदादा,

आईची सगळी पत्रं तुझ्याकडे आहेत, तुझी सगळी तिने मला काल दिली. वाचली.

साखरपुड्यात लोक हसले म्हणून मी तुझ्यावर चिडले होते. गेल्या रविवारी त्याहून जास्त लोक हसले. पण या वेळी राग हसण्याचा आला नाही. माझं वजन स्थळांना माहीत, नर्सला माहीत, पुण्याला तुला माहीत, आणि सगळ्यांना खोटं माहीत. मला कुणी विचारलंच नाही. इतकं लपवण्यासारखं काय आहे माझ्यात, हे मी आईला विचारलं. ती रडायला लागली. मीही रडले. मग आम्ही उरलेल्या पुरणपोळ्या फ्रिजमधून काढून गरम करून खाल्ल्या.

आज तिला स्कूटरवर मागे बसवून छाणीला नेलं. हार्दिकभाईच्या शेजारी भंगारवाल्याचा मोठा काटा आहे. मी त्यावर उभी राहिले आणि आईला म्हटलं, वाच, मोठ्याने वाच. तिने चष्मा विसरले म्हणून सांगितलं. चष्मा डोळ्यांवरच होता. मग वाचलं.

शहात्तर.

ट्रकवर चढून, जीव तोडून, माइकवरसुद्धा तिने पाच किलो कमी सांगितले होते. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. ती काट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘अगं, मी तर खरंच सांगितलं होतं.’

तुझे पाटे पंच्याहत्तरपर्यंतचे आहेत. बांधलेले नाहीत, खोकं परत पाठवतेय. पुढच्या मापाचे दे. विसर्जनाला मला उडायचं आहे.

आणि यापुढे माझं वजन मला विचार.

शलाका